बाल्कनीतला बग: मिलीबग, लाल कोळी आणि आपल्या कुंड्या

आजचा भाग बग्जवर आहे, पण कोडमधल्या नाही, कुंडीतल्या. एप्रिल-मे आला की ठाणे, डोंबिवली, कल्याणच्या सोसायटी ग्रुपवर एकच फोटो फिरतो: जास्वंदीच्या शेंड्यावर कापूस चिकटल्यासारखं काहीतरी. खाली लगेच सल्ला येतो, "बुरशी आहे, अमुक औषध मारा."

थांबा. ती बुरशी नाही. तो मिलीबग, म्हणजे पिठ्या ढेकूण. रस शोषणारा कीटक. त्याच्यावर बुरशीनाशक मारून उपयोग शून्य, कारण निदानच चुकलंय.

याच्या अंगावर मेणाचं पांढरं आवरण असतं, त्यामुळे नुसतं पाणी फवारलं तर ओघळून जातं. म्हणून आधी हाताने काम करा: जुना टूथब्रश, साबणाचं पाणी, आणि खोड नि पानाच्या बेचक्यात नीट घासा. फार भरलेला शेंडा सरळ कापून पिशवीत बांधून टाका. मग संध्याकाळी फवारणी: एक लिटर कोमट पाण्यात 5 मिली कडुनिंबाचं तेल आणि थोडा लिक्विड सोप. साबण नसेल तर तेल पाण्यात मिसळतच नाही. भर दुपारी मारलंत तर पानं करपतील. आधी एकाच पानावर करून बघा. अंड्यांतून नवीन पिल्लं निघत राहतात, म्हणून दर सात दिवसांनी, किमान तीन वेळा. इथेच बहुतेक जण कंटाळतात.

आणि मुंग्या बघा! मिलीबग चिकट गोड स्राव सोडतो, तो खायला मुंग्या येतात आणि त्याच्या शत्रूंना हाकलतात. मुंग्यांचा बंदोबस्त केला नाहीत तर अर्धी मेहनत वाया.

दुसरा लाल कोळी. गुलाबाची पानं फिकट, ठिपकेदार दिसतात. पानाखाली पांढरा कागद धरून टिचकी मारा. बारीक ठिपके चालायला लागले तर तोच. हा कीटक नाहीच, आठ पायांचा आहे. म्हणून साधं कीटकनाशक चालत नाही, उलट इमिडाक्लोप्रिडने कोळी वाढल्याची उदाहरणं आहेत. ग्रिलच्या आत पावसाचं पाणी येत नाही, भिंत तापते, त्याला हेच आवडतं. पानांच्या खालच्या बाजूला रोज पाण्याचा जोरदार फवारा, एवढंच करा.

आता खरा मुद्दा. नर्सरीतून आणलेलं शेतीचं जहाल औषध सहा फुटांच्या बाल्कनीत मारू नका. तिथेच तुळस आहे, कढीपत्ता आहे, खाली शेजारच्या काकूंचे कपडे वाळतायत.

हत्यार नेहमी फवारणीचंच लागतं असंही नाही. पपईवरचा मिलीबग 2008 मध्ये तमिळनाडूत सापडला, पुढे महाराष्ट्रातही आला. 2010 मध्ये त्यावर परदेशातून एक इवलीशी गांधीलमाशी आणून सोडली, तिने तो आटोक्यात आणला.

बाल्कनीतही असा मित्र येतो. क्रिप्टोलीमस नावाच्या ढालकिड्याची अळी हुबेहूब मिलीबगसारखी पांढरी, झुपकेदार दिसते, पण मोठी असते आणि भराभर चालते. मिलीबग मात्र जवळपास जागचा हलत नाही. ब्रश लावण्याआधी दोन मिनिटं बघा, चालणारा असेल तर त्याला राहू द्या.