नाव विचारायला उशीर झाला

(युवा शिबिरात केलेल्या भाषणाचा मजकूर)



आयोजकांनी मला करिअरवर बोलायला सांगितलं होतं. मी म्हटलं, ते सगळं तुम्हाला मोबाइलवर मिळेल. मला एका माणसाबद्दल बोलू द्या. त्यात माझी चूकही सांगायची आहे.

मी कराडचा. मराठी शाळा, मग इंजिनिअरिंग, आणि गेली बारा वर्षं सॉफ्टवेअरमध्ये नोकरी. घरात दखनी आणि दाराबाहेर मराठी, असं आमचं पिढ्यान्‌पिढ्या चालत आलंय. तुमच्यापैकी बहुतेकांनी ऐकलेलं एक वाक्य मीही खूपदा ऐकलंय: “अरे वा, तुमचं मराठी किती छान! मुसलमान वाटत नाही.” बोलणाऱ्याच्या मनात वाईट नसतं, हे मला कळतं. तरी दर वेळी टोचतं.

मागच्या वर्षी जुलैमध्ये एका कामासाठी मी रोज मुंबईत फोर्टला जात होतो. सीएसएमटीला उतरायचं, भुयारी मार्गातून बाहेर पडायचं आणि दादाभाई नौरोजी रस्त्याच्या कमानींखालून हुतात्मा चौकाकडे चालायचं. पावसात त्या कमानींखाली पाय ठेवायला जागा नसते. फेरीवाले, छत्र्या, ऑफिस गाठायची घाई. तिथं एका खांबाला टेकून एक म्हातारे गृहस्थ क्लॅरिनेट वाजवत बसले होते. पांढरी दाढी, जाळीची टोपी, पुढ्यात रुमाल, आणि पुठ्ठ्यावर चिकटवलेला क्यूआर कोड. जुन्या सिनेमातलं गाणं होतं, पण ते संथ लयीत, एकेक सूर धरून वाजवत होते.

मी काय केलं? मोबाइल काढला, वीस सेकंदांचा व्हिडिओ घेतला, कोड स्कॅन करून वीस रुपये पाठवले आणि निघालो. लिफ्टमध्ये तो व्हिडिओ स्टेटसला टाकला. दुपारपर्यंत चाळीस जणांनी बदाम पाठवले. त्या माणसाच्या चेहऱ्याकडे मी धड पाहिलंही नव्हतं.

दोन दिवसांनी ते पुन्हा दिसले. या वेळी एक हवालदार त्यांना उठवत होते. आवाज चढवला नाही, शिवी दिली नाही. एवढंच म्हणाले, “इथं भीक मागायला परवानगी नाही, उठा.” म्हाताऱ्यांनी वाद घातला नाही. क्लॅरिनेटचे तुकडे सोडवले, फडक्यात गुंडाळले. हवालदार पुढं गेल्यावर मी जवळ जाऊन हिंदीत विचारलं, “चाचा, यूपी के हो क्या?”

त्यांनी वर बघितलं आणि हसले. “यूपी कुठलं? मी मंगळवेढ्याचा हाय. मराठीत बोला की, साहेब.”

आमच्या धंद्यात फॉर्म बनवताना काही रकाने आधीच भरून ठेवतात. वापरणारा माणूस बहुतेक वेळा ते बदलत नाही. दाढी-टोपी बघून मी ‘गाव’ हा रकाना स्वतःच भरून टाकला होता. आयुष्यभर ज्या वाक्यानं मला टोचलं, तेच मी माझ्याच भाषेच्या, माझ्याच समाजाच्या माणसाला बोललो होतो. फक्त शब्द वेगळे होते.

मीटिंगची वेळ झाली होती, म्हणून मी तेव्हाही थांबलो नाही. पुढच्या आठवड्यात मात्र त्यांना शोधलं आणि आम्ही टपरीवर चहा घेतला. मग कुठं मी नाव विचारलं. ते इथं सांगत नाही, कारण त्यांनीच नको म्हटलं.

तीस वर्षं ते बँड पार्टीत क्लॅरिनेट वाजवत होते. लग्नाच्या वराती, गणपतीच्या मिरवणुका, शिवजयंती, उरुसातला संदल. “कुणाचं बी असो, नवरदेव घोड्यावर बसला की आमचं काम सुरू,” असं ते म्हणाले. पूर्वी त्यांच्या पार्टीत वीस माणसं होती, डीजे आल्यावर सहा उरली. आखाड लागला की तुळशीच्या लग्नापर्यंत मुहूर्त नसतात, मोहरममध्ये आपल्याकडची लग्नं थांबतात. दोन्ही पंचांगं त्यांना तोंडपाठ, कारण दोन्हींवर त्यांची चूल पेटते. काम नसलं की मुंबईत लेकीकडे येतात आणि वाजवतात. क्यूआर कोड लेकीच्या खात्याचा.

“भीक नाही मागत मी,” ते म्हणाले. “वाजवतो. ज्याला द्यायचं तो देतो.”

त्या रात्री मी कायदा वाचला. मूळचा १९५९ चा, मुंबईचा भीक प्रतिबंधक कायदा. त्यातल्या भीक मागण्याच्या व्याख्येत गाणं, नाचणं, भविष्य सांगणं, खेळ किंवा कला दाखवणं, अशा निमित्तानं सार्वजनिक जागी पैसे मागणंही येतं. पोलिस वॉरंटशिवाय ताब्यात घेऊ शकतात. भीक मागितल्याचं पहिल्यांदा सिद्ध झालं तरी किमान एक आणि जास्तीत जास्त तीन वर्षं संस्थेत ठेवता येतं. हाच कायदा दिल्लीलाही लागू केलेला होता. ऑगस्ट २०१८ मध्ये तिथल्या उच्च न्यायालयानं भीक मागण्याला गुन्हा ठरवणाऱ्या तरतुदी दिल्लीपुरत्या रद्द केल्या. आपल्याकडे कायदा कायम आहे. सभागृहात तिकीट काढून ऐकलेली क्लॅरिनेट कला ठरते आणि कमानीखाली ऐकलेली भीक. कायद्यानंही रकाना आधीच भरून ठेवलाय.

आता जागा लक्षात घ्या. तिथून काही पावलांवर हुतात्मा चौक आहे. १९५५ च्या नोव्हेंबरमध्ये संयुक्त महाराष्ट्रासाठी निघालेल्या लोकांवर तिथं गोळीबार झाला. त्या लढ्यात गावोगाव आणि रस्त्यारस्त्यावर आपल्या आवाजानं माणसं जमवणारे शाहीर अमर शेख. त्यांचं मूळ नाव मेहबूब हुसेन पटेल, गाव बार्शी. म्हणजे आमच्या क्लॅरिनेटवाल्या चाचांच्याच सोलापूर जिल्ह्यातले. मराठी बोलणाऱ्यांचं राज्य व्हावं म्हणून एक मराठी मुसलमान गायला, आणि त्याच चौकाजवळ मी दुसऱ्या मराठी मुसलमानाला विचारत होतो, यूपीचे का? यूपीचे असते तरी काही बिघडत नव्हतं. मी न विचारता ठरवलं, हे चुकलं.

म्हणून तुमच्याकडे तीन गोष्टी मागतो. रस्त्यावर वाजवणाऱ्याचा व्हिडिओ घ्यायचा असेल, तर आधी त्याला विचारा. बोलायचं असेल, तर मराठीत सुरुवात करा. समोरच्याला येत नसेल तर तो सांगेल. आणि पोलिस कुणाला उठवत असतील, तर बाजूला उभं राहून नम्रपणे विचारा, कोणत्या नियमाखाली? भांडायची गरज नाही. कुणीतरी बघतंय, एवढ्यानंही बोलण्याचा सूर बदलतो. मी त्या दिवशी तेवढंही केलं नाही.

डिसेंबरमध्ये माझ्या बहिणीचं लग्न झालं. घरात डीजे ठरत आला होता. मी मंगळवेढ्याला फोन लावला. सहा माणसं आली. तरुण मंडळी आधी कुरकुरली, मग वरात अर्धा तास उशिरा पोचली, कारण नाचणं थांबेना. निघताना मी पाकीट दिलं, तर त्यांनी तिथंच उघडून मोजलं आणि म्हणाले, “बरोबर हाय. ही मजुरी.”