पांढऱ्या पडलेल्या रानात चारा येईल का?

आजचा एपिसोड छोटा आहे, पण आमच्या घरचा आहे.

आमचं गाव वाळवा तालुक्यात. काळी माती, कृष्णेचं पाणी आणि जिकडं बघाल तिकडं ऊस. काकांचं खालच्या अंगाचं तीस गुंठे रान मात्र पांढरं पडलंय. ऊस गुडघ्याच्या वर जात नाही आणि गोठ्यातल्या चार म्हशींना चारा विकत आणावा लागतो.

काकांनी कुणाच्या तरी सांगण्यावरून जिप्सम टाकलं. पैसे गेले, फरक काहीच नाही. मी विचारलं, "काका, माती तपासली होती का?" तर म्हणाले, "दिसतंय की पांढरं, तपासायचं काय त्यात?" आमच्याकडं एरर न वाचताच कोड बदलतात ना, तसंच हे!

तर मुळात झालंय काय? उसाला पाटानं भरमसाट पाणी दिलं, निचरा नाही, म्हणून जमिनीखालचं पाणी वर आलं. उन्हानं पाणी उडतं, मीठ वर राहतं. ही झाली क्षारयुक्त जमीन. तिचा सामू साधारण 8.5 च्या खाली असतो. तिला जिप्सम नको. चर काढून पाण्याला वाट द्यायची आणि गोड्या पाण्यानं मीठ धुऊन काढायचं.

चोपण जमीन वेगळी. तिचा सामू 8.5 च्या वर. तिथं सोडियम मातीच्या कणांना चिकटून बसतो, पाणी मुरत नाही, वाळली की दगड. जिप्सम इथं चालतं, कारण त्यातला कॅल्शियम सोडियमची जागा घेतो. पण सुटलेला सोडियम पाण्याबरोबर बाहेर गेला पाहिजे. म्हणजे निचरा दोन्हीकडं आधी!

आता चारा. ऊस साधारण 1.7 डेसीसायमन क्षारतेपर्यंत तग धरतो, पुढं उत्पादन घटतं. मका 1.8, लसूणघास 2. ज्वारी मात्र 6.8 आणि हरळी 6.9 पर्यंत. हे आकडे संपृक्त अर्काचे आहेत. मातीत जास्त पाणी मिसळून मोजलं की आकडा कमी दिसतो, म्हणून कसं मोजलं ते लॅबला विचारा.

पाणी साचणाऱ्या कोपऱ्यात पॅरा गवताच्या कांड्या लावा. ज्वारी वरंब्याच्या माथ्यावर नको, बगलेला टोका, कारण मीठ माथ्यावर गोळा होतं. आणि कोवळी ज्वारी जनावरांना घालू नका, विषबाधा होते. फुलोऱ्यात आल्यावरच कापा. पावसाळ्यात एखाद्या तुकड्यात धैंचा पेरून साधारण 45 दिवसांनी गाडला की माती भुसभुशीत होते.

एक गैरसमज नको. गवत सगळं मीठ शोषून घेत नाही. ते जमीन झाकतं, त्यामुळं मीठ वर यायचं कमी होतं. मुळं माती मोकळी करतात. आणि तोवर म्हशींना वैरण मिळते.

काकांच्या रिपोर्टात सामू 8.1 आला. म्हणजे जिप्समची गरजच नव्हती. आता चर काढलाय, पाच गुंठ्यांत पॅरा गवत लावलंय. बाकीचे पंचवीस गुंठे अजून पांढरेच आहेत, घाई नाही.

तुमच्या घरी असं रान असेल, तर पुढच्या सुट्टीत गावी गेल्यावर आधी मातीचा नमुना घ्या. पोतं नंतर आणा. भेटू पुढच्या एपिसोडला!