७५५ मतांचा धडा

(विभागीय अभ्यासवर्गात केलेल्या भाषणाचा सारांश)



कार्यक्रमपत्रिकेवर माझ्या नावापुढे 'अमेरिकेतील एक पोटनिवडणूक' असा विषय पाहून काहींच्या कपाळाला आठ्या पडल्या असतील. रिक्त जागा, ड्यूटीचे तास, पेन्शन असे प्रश्न दारात उभे असताना हे परदेशी पुराण कशाला? पण या पोटनिवडणुकीतही पेन्शनचाच प्रश्न ऐरणीवर होता आणि तो तिथे नेला होता कामगार संघटनांनी. म्हणून थोडा वेळ मागतो.

आधी जागा समजून घ्या. पेनसिल्व्हेनिया राज्यातील पिट्सबर्ग हे पोलाद आणि कोळशाच्या मुलखातले शहर. रेल्वे कामगाराने ते विसरू नये. १८७७ च्या जूनमध्ये तिथल्या रेल्वे कंपनीने दहा टक्के वेतनकपात केली. मग दोन इंजिने जोडून दुप्पट लांबीची मालगाडी चालवायची आणि माणसे मात्र एकाच गाडीची, असा हुकूम निघाला. कामगारांनी गाड्या अडवल्या. बाहेरून आणलेल्या सैनिकांच्या गोळीबारात सुमारे वीस माणसे मेली. 'माणसे कमी, काम दुप्पट' हे सूत्र इतके जुने आहे.

याच शहराची उपनगरे आणि दक्षिणेकडचा खाणपट्टा मिळून पेनसिल्व्हेनियाचा अठरावा मतदारसंघ होता. अमेरिकेत प्रतिनिधीगृहाची जागा रिकामी झाली की कुणाची नेमणूक करता येत नाही, निवडणूकच घ्यावी लागते. तिला तिथे विशेष निवडणूक म्हणतात. २०१७ च्या ऑक्टोबरमध्ये इथले रिपब्लिकन प्रतिनिधी टिम मर्फी यांनी खाजगी प्रकरणावरून राजीनामा दिला आणि १३ मार्च २०१८ ला मतदान ठरले.

आता एक गोष्ट ध्यानात घ्या. मर्फी उजव्या पक्षाचे, तरी कामगार संघटनांचा त्यांना पाठिंबा असे, कारण संघटनेच्या प्रश्नांवर ते बहुधा सोबत राहत. २०१४ आणि २०१६ मध्ये तर समोर डेमोक्रॅटिक उमेदवारच नव्हता. २०१६ ला याच मतदारसंघात डोनाल्ड ट्रम्प यांना सुमारे वीस टक्क्यांची आघाडी मिळाली होती. म्हणजे संघटनेचे कार्ड खिशात असलेल्या हजारो सभासदांनी ट्रम्प यांना मत दिले होते. त्यांना मूर्ख ठरवणे सोपे होते. बंद पडलेल्या गिरण्या आणि खाणी पाहिलेला माणूस 'पोलाद परत आणतो' म्हणणाऱ्याकडे वळला, एवढाच त्याचा अर्थ.

पोटनिवडणुकीत रिपब्लिकन पक्षाने रिक सॅकोन यांना उभे केले. राज्याच्या विधिमंडळात त्यांनी 'कामाचा हक्क' नावाच्या कायद्याची बाजू घेतली होती. नावावर जाऊ नका. या कायद्याने काम कुणालाच मिळत नाही. संघटनेने लढून करार करायचा, त्याचा लाभ सर्वांनी घ्यायचा, पण खर्चाचा वाटा मात्र कुणावर बंधनकारक नाही, असा हा कायदा आहे. संघटनेची तिजोरी रिकामी करण्याचा तो मार्ग आहे. समोर होते तेहतीस वर्षांचे कॉनर लॅम, माजी सरकारी वकील आणि मरीन दलातले अधिकारी. आपल्याच पक्षाच्या सभागृह नेत्या नॅन्सी पेलोसी यांना पाठिंबा देणार नाही, असे ते उघड सांगत.

एएफएल-सीआयओ, पोलाद कामगार आणि खाणकामगार यांच्या संघटना लॅम यांच्यामागे उभ्या राहिल्या. त्यांनी आपापल्या सभासदांची दारे ठोठावली. ट्रम्प चांगले की वाईट, हा वाद घरात शिरून घातला नाही. विषय दोनच: संघटना तोडणारा कायदा आणि पेन्शन.

हा पेन्शनचा प्रश्न काय होता? खाणकामगारांचा एक पेन्शन निधी आहे, तो '१९७४ ची योजना' म्हणून ओळखला जातो. आपल्या संपाचे वर्ष तेच, हा योगायोग. या निधीवर नव्वद हजारांच्या आसपास निवृत्तांचा संसार अवलंबून होता. सरासरी पेन्शन महिना सहाशे डॉलरच्या घरात. २००८ च्या मंदीत निधीची गुंतवणूक कोसळली. मग खाणकंपन्या एकामागून एक दिवाळखोरीत गेल्या आणि वर्गणीच्या जबाबदारीतून सुटल्या. आयुष्यभर कोळशाची धूळ छातीत घेतली, त्याच्या हातात उरला कागद.

मतदानाच्या पाच दिवस आधी ट्रम्प यांनी आयात पोलादावर पंचवीस टक्के जकात लावण्याच्या आदेशावर सही केली. पोलाद कामगारांची ही जुनी मागणी होती. संघटनेने निर्णयाचे स्वागत केले, पण उमेदवार बदलला नाही. शनिवारी ट्रम्प मतदारसंघात सभेला आले. रविवारी वेन्सबर्ग गावात खाणकामगारांचे अध्यक्ष सेसिल रॉबर्ट्स लॅम यांच्यासाठी मैदानात उतरले. रिपब्लिकन बाजूच्या बाहेरच्या गटांनी एक कोटी डॉलरहून अधिक पैसा ओतला होता.

सुमारे सव्वादोन लाख मतांत लॅम ७५५ मतांनी निवडून आले. विजयाच्या सभेत त्यांनी संघटनांचे आभार मानले.

पुढचा हिशेबही प्रामाणिकपणे मांडला पाहिजे. जूनमध्ये सर्वोच्च न्यायालयाने पाच विरुद्ध चार मतांनी सरकारी कर्मचाऱ्यांवरील सक्तीचा संघटना-निधी घटनाबाह्य ठरवला. हा मोठा फटका होता. ऑगस्टमध्ये मिसुरी राज्यातील मतदारांनी 'कामाचा हक्क' कायदा जवळजवळ दोन तृतीयांश मतांनी फेटाळला. नोव्हेंबरमध्ये प्रतिनिधीगृहात डेमोक्रॅट बहुमतात आले. डिसेंबर २०१९ मध्ये खाणकामगारांची पेन्शन वाचवणारा कायदा झाला, आणि त्यावर सही कुणाची? ट्रम्प यांची! वरिष्ठ सभागृह रिपब्लिकनांच्याच हाती होते. मागणी इतकी पक्की झाली होती की कुठल्याच पक्षाला ती टाळणे परवडेना. पण २०२४ मध्ये ट्रम्प यांनी पेनसिल्व्हेनिया पुन्हा जिंकले. तेव्हा एकदा ठोठावलेले दार कायमचे उघडे राहते, या भ्रमात राहू नये.

आपल्याला यातून काय घ्यायचे? आपली परिस्थिती वेगळी आहे. वर्तणूक नियमांनुसार रेल्वे व डाक कर्मचाऱ्याला निवडणूक प्रचारात भाग घेता येत नाही. मत मात्र देता येते. तेव्हा नियम मोडण्याचा सल्ला मी देणार नाही. पण १ जानेवारी २००४ नंतर लागलेल्या आपल्या सहकाऱ्याला पेन्शनचा हिशेब समजावणे हा प्रचार नव्हे, ते संघटनेचे रोजचे काम आहे. एप्रिल २०२५ पासून एकीकृत पेन्शनचा पर्याय आला. जुनी योजना, नवी योजना आणि हा पर्याय यांत कुणाच्या हाती नेमके काय पडते, हे आपल्या किती शाखांनी सभासदाला कागदावर मांडून दाखवले?

आपल्या शाखेत सर्व पक्षांना मत देणारे लोक आहेत. जात, धर्म, भाषा यांची ओढ प्रत्येकाला आहे. ती ओढ नाही असे सोंग करून भागणार नाही, आणि त्यावर भांडूनही भागणार नाही. त्याच्याशी बोलायचे ते त्याच्या पगारपत्रकावरून, त्याच्या म्हातारपणावरून. ७५५ मते म्हणजे आपल्या एखाद्या मोठ्या वर्कशॉपची एक पाळीसुद्धा नव्हे. पुढच्या सभेला येताना प्रत्येकाने ज्याच्याशी आपले राजकारण जुळत नाही अशा एका सहकाऱ्याला सोबत आणावे, एवढेच मागणे आहे.