आजोबांसाठी परसबाग

अल्झायमरमध्ये सकाळी काय जेवलो ते आठवत नाही, पण निंदण-खुरपणीची सवय हातात बराच काळ टिकते. उपचार-बाग, म्हणजे रुग्णाच्या सोयीनं आखलेली बाग, याच सवयीचा आधार घेते. रिसोडकडे सोयाबीन-तुरीत आयुष्य गेलेल्या आजोबांना घरामागची जागाही पुरे. वाट गोल ठेवा, फिरून दाराशीच येणारी. वाट मध्येच संपली की रुग्ण गोंधळतो. वाफे कमरेइतके उंच घ्या. तुळस, गवती चहा, मोगरा लावा. कण्हेर शोभेला कितीही छान असली, तरी विषारी. ती आणि धोतरा काढाच. टाकं झाका. रोपांची ओळ वाकडी झाली तर होऊ द्या, टोकू नका. बागकामानं आजार बरा होत नाही. मात्र चिडचिड, अस्वस्थपणा कमी होऊ शकतो. औषधं डॉक्टरांना विचारल्याशिवाय बंद करू नका. ज्येष्ठांसाठी मोफत हेल्पलाइन आहे: १४५६७.