जपानी गृहिणीची थैली



परक्या देशात बिऱ्हाड करून राहणाऱ्याला तेथील समाज खरा कळतो तो शेजारच्या संसारातून. जपानात राहावयास गेल्यावर मला पहिला विस्मय वाटला तो तेथील गृहिणीच्या हाती असलेल्या थैलीचा. पती महिनाभर राबतो. वेतन मात्र पुष्कळ घरांत पत्नीच्या स्वाधीन होते. घरभाडे, मुलांचे शिक्षण, उतारवयाची तरतूद, सारे ती ठरविते आणि पतीला जेवणापुरता, चहापाण्यापुरता हातखर्च मोजून देते. या हातखर्चाला तेथे ‘ओकोझुकाई’ म्हणतात. मुलांच्या खाऊच्या पैशांनाही शब्द तोच! जमाखर्चाची खास वही हानी मोतोको या पत्रकार विदुषीने १९०४ साली काढली. तशा वह्या आजही तेथे विकल्या जातात.

हे पाहून आपला पाहुणा म्हणतो, ‘येथे तर राज्य बायकांचेच!’ तथापि भाषा निराळेच सांगते. पतीला जुन्या वळणाची जपानी स्त्री ‘शुजिन’, म्हणजे धनी, म्हणते. पती पत्नीचा उल्लेख ‘कानाई’, म्हणजे घराच्या आतली, असा करतो. आपण याला हसू नये. ‘आमचे धनी’ आणि ‘आमचे कुटुंब’ हे शब्द आपल्याच आजी-आजोबांचे होत.

कायद्याने तेथे पतिपत्नींचे आडनाव एकच असावे लागते. ते कोणाचे, हे दोघांनी ठरवावयाचे. परंतु शंभरातील सुमारे पंचाण्णव जोडपी पतीचेच घेतात. २०१५ साली आणि पुन्हा २०२१ साली सर्वोच्च न्यायालयाने हा नियम वैध ठरविला.

म्हणून मला वाटते, थैली सांभाळणे ही सत्ता नव्हे. ती खजिनदारी आहे. खजिनदार पैसा राखतो, पण तो मिळविण्याची वाट त्याच्या हाती नसते. मूल झाले की नोकरी सोडावी आणि ते मोठे झाल्यावर अर्धवेळ कामावर परतावे, हा तेथील असंख्य स्त्रियांचा जीवनक्रम होता. १९९७ पासून दोघेही मिळविणारी घरे संख्येने अधिक झाली. स्वयंपाकघर मात्र पुष्कळशा घरांत तिच्याकडेच राहिले.

या वाटणीत पतीचीही हानी झाली. कचेरीतून तो परतावा तेव्हा मुले झोपी गेलेली असावीत, असे दिवस त्याच्या वाट्यास किती आले! बालसंगोपनाची रजा कायद्याने पित्यालाही आहे. परंतु २०१९ साली ती घेणारे पिते शंभरात आठही नव्हते. २०२३ साली ते तीस झाले. मला या तिसांचे मोल थैलीहून अधिक वाटते.

आपल्या घरांतही ‘पैसा सगळा हिच्याच हाती’ असे कौतुकाने सांगितले जाते. ते सांगणाऱ्याने एवढेच पाहावे, की मुलाला ताप आला म्हणजे रात्रभर जागतो कोण आणि दुसऱ्या दिवशी रजा कोणाची पडते.