गटाची जुनी गाडी आणि रेडिएटरचे पाइप

बचत गटाच्या बैठकीत आपण हप्ता, व्याज, मसाल्याचे भाव सगळं बोलतो. आज गटाच्या गाडीबद्दल बोलू या.

आमच्या मुलुंड-घाटकोपर भागातल्या गटाकडे एक जुनी डिझेल व्हॅन आहे. आत ओटा, शेगडी, भांड्यांचं कपाट, आणि बाहेरगावच्या प्रदर्शनाला गेलो तर दोघींना झोपायला फळी. तुमच्याकडे अशी व्हॅन नसेल, पण माल बाजारात नेणारा टेम्पो असेल. राज्य सरकारने २०२१ मध्ये कॅराव्हॅन पर्यटनाचं धोरण आणलं, तेव्हा राहायची सोय असलेल्या गाड्याही गावाकडे येतील. गाडी कोणतीही असो, इंजिन पाण्यावर थंड होणारं असेल तर आजची माहिती लागू पडते.

इंजिन तापतं, म्हणून त्यातून पाणी सतत फिरत राहतं. गरम पाणी वरच्या रबरी पाइपातून रेडिएटरमध्ये जातं, तिथे गार होतं आणि खालच्या पाइपातून परत इंजिनात येतं. शिवाय एक-दोन बारीक पाइप असतात. रेडिएटरचं झाकण कुकरच्या शिट्टीसारखं काम करतं. आत दाब राहतो, म्हणून पाणी शंभर अंशांच्या वर गेलं तरी लगेच उकळत नाही. हा सगळा दाब रबरी पाइप सोसतात. कुकरची रबरी रिंग जुनी झाली की कडक होते, वाफ सोडते, हे आपल्याला सांगावं लागत नाही. पाइपांचंही तसंच होतं.

पाइप फुटला की काही मिनिटांत पाणी निघून जातं. तशीच गाडी चालवली तर इंजिनाचं हेड वाकतं, गास्केट जळतं. पाइपाचा खर्च शेकड्यांत, इंजिनाचा हजारोंत. वर गाडी बंद, धंदा बंद, आणि बँकेचा हप्ता मात्र चालूच.

आता तपासायचं कसं? सकाळी, गाडी पूर्ण गार असताना. गरम गाडीच्या रेडिएटरचं झाकण कधीही उघडायचं नाही. उकळतं पाणी तोंडावर उडतं. आमच्या व्हॅनसारख्या गाड्यांत इंजिन दोन सीटच्या मध्ये झाकणाखाली असतं, त्यामुळे पाइप रोज नजरेला पडत नाहीत. झाकण काढा, बॅटरीवर उजेड पाडा आणि पाइप हाताने दाबून बघा.

चांगला पाइप दाबला तर दबतो आणि सोडला की परत फुगतो. दगडासारखा कडक, पिठाच्या गोळ्यासारखा मऊ, वाकवल्यावर भेगा दिसणारा किंवा क्लिपजवळ फुगलेला पाइप बदलायचा. मधला भाग ठीक वाटला तरी दोन्ही टोकांजवळ दोन बोटं अंतरावर नक्की दाबा. पाइप आतून चिरतो तो बहुधा तिथेच. तेलाने चिकट झालेला पाइपही लवकर सडतो. क्लिपभोवती पांढरट किंवा हिरवट डाग असले, तर तिथून पाणी झिरपतंय.

आमच्या गाडीचा वरचा पाइप बाहेरून काळाभोर, धडधाकट दिसत होता. क्लिपजवळ दाबला तर बोट आत गेलं. दोन दिवसांनी गाडी नाशिकला जाणार होती. एलबीएस मार्गावरच्या गर्दीत गाडी मुंगीच्या पावलाने चालते, रेडिएटरला वारा मिळत नाही. पुढे कसारा घाटाचा चढ, तिथे इंजिन आणखी तापतं. पाइप फुटला असता तर बहुधा घाटातच.

बदलण्याचं काम मिस्त्रीकडून करून घ्या, पण एकीने तरी शेजारी उभं राहावं. इंजिन गार असताना पाणी भांड्यात काढायचं. चिकटलेला पाइप ओढायचा नाही, उभा चिरून काढायचा, नाहीतर रेडिएटरची नळी मोडते. नळीवरचा गंज, क्षार घासून काढायचा. नवा पाइप त्याच गाडीचा, त्याच वळणाचा हवा. खालच्या पाइपात आत स्प्रिंग असेल तर नव्यातही हवी, कारण तिथे ओढ असते आणि पाइप चपटा होतो. वरचा-खालचा दोन्ही एकदम बदला, क्लिपाही नव्या घाला. क्लिप पाइपाच्या अगदी टोकाला लावायची नाही, नळीच्या उंचवट्याच्या आत लावायची. जुना पाइप नमुन्याला घेऊन गेलं की दुकानात घोळ होत नाही. आम्ही कुर्ल्याला असाच घेऊन गेलो.

भरताना बोअरचं खारं पाणी नको, आत क्षार धरतात. कूलंट आणि बॅटरीत घालतात ते पाणी निम्मं-निम्मं चालतं. भरून झाल्यावर झाकण उघडं ठेवूनच इंजिन सुरू करायचं, म्हणजे अडकलेली हवा बुडबुड्यांनी निघते. पातळी उतरेल, तेवढं पुन्हा भरून झाकण लावायचं. पहिल्या फेरीनंतर गाडी गार झाली की क्लिपा पुन्हा आवळायच्या. कूलंट विषारी असतं आणि चवीला गोड लागतं. काढलेलं कूलंट मुलांपासून, कुत्र्या-मांजरांपासून दूर ठेवा, गटारात किंवा विहिरीजवळ ओतू नका.

रस्त्यात काटा वर चढला तर गाडी बाजूला घेऊन बंद करा. तापलेल्या इंजिनावर गार पाणी ओतू नका, लोखंडाला तडा जातो.

शेवटचं, आणि आमच्या मते सगळ्यात महत्त्वाचं. बऱ्याचदा ड्रायव्हर रोज बाटलीभर पाणी घालतो आणि बोलत नाही. खर्च काढला की बैठकीत कटकट होते, हे त्याला माहीत असतं. म्हणून आम्ही ठराव केला. गळती सांगणाऱ्याला कुणी बोलायचं नाही. महिन्यातून एकदा दोन जणींनी पाइप दाबून बघायचे. घातलेलं पाणी आणि पाइप बदलल्याची तारीख हप्त्याच्या वहीतच लिहायची. गाडी आपल्या नावावर आहे, तर तिचं झाकण उघडायला आपणच शिकायला हवं.

येत्या बैठकीआधी तुमच्या गाडीचे पाइप दाबून बघा.