सत्काराआधी थोडं बोलू या

(माजी विद्यार्थी स्नेहमेळाव्यात केलेलं भाषण, स्मरणिकेसाठी थोडं संक्षेप करून)



संयोजकांचा मला फोन आला तेव्हा विषय ठरलेला होता. "तू सॉफ्टवेअरमध्ये आहेस, एआयवर बोल." त्याच फोनवर त्यांनी आणखी एक बातमी दिली. पुढच्या वर्षीपासून माजी विद्यार्थी संघातर्फे पंचक्रोशीतल्या माजी सैनिकांचा जाहीर सत्कार करायचा विचार आहे. ते ऐकलं आणि मी विषय बदलून मागितला. एआयबद्दल तुमची मुलं तुम्हाला माझ्यापेक्षा चांगलं सांगतील. युद्धावरून परत आलेल्या माणसाच्या घरात पुढे तीस-तीस वर्षं काय चालतं, हे मात्र मी जवळून पाहिलं आहे.

माझे मामा पायदळात हवालदार होते. १९९२ साली पेन्शनवर आले आणि मामी व मुलांसह चौललाच राहिले, कारण आमची वाडी बघायला घरात कोणी नव्हतं. आमच्या बॅचमधल्या बऱ्याच जणांना ते आठवत असतील. उंच, ताठ, कायम सायकलवर. रेवदंड्याच्या रस्त्यावरची मोरी आली की ते सायकलवरून उतरायचे, वाकून मोरीखाली बघायचे, सायकल हातात धरून पलीकडे जायचे आणि मग पुन्हा टांग मारायचे. जाताना एकदा, येताना एकदा. शाळेतल्या मुलांना त्याची गंमत वाटायची. गावात त्यांना "मोरीवाले मिलिटरी" असं नावच पडलं होतं. त्या नावात वाईट हेतू नव्हता. पण ते असं का करतात, हे कोणी विचारलं नाही.

घरातल्या गोष्टी बाहेर दिसत नव्हत्या. रात्री दोन-अडीचला ते टॉर्च घेऊन वाडीच्या गडग्याकडेने फेरी मारायचे. दाराकडे पाठ करून कधी जेवायला बसायचे नाहीत. रात्री नारळ पडला किंवा झावळी कोसळली, तर झोपेतून उठून थेट जमिनीवर पालथे व्हायचे. लग्नाच्या वरातीला नाहीत, दत्ताच्या जत्रेला नाहीत. दिवाळीत संध्याकाळी पंपाच्या खोलीत मोटर चालू करून बसायचे, म्हणजे फटाक्यांचा आवाज त्या घरघरीत बुडून जाईल. मामीनेही काही नियम स्वतःच शोधून काढले होते. त्यांना झोपेतून उठवायचं तर अंगाला हात लावायचा नाही. पायाकडे उभं राहून सावकाश म्हणायचं, "अहो, चौल आहे हे. चौल."

मामा श्रीलंकेत होते. २९ जुलै १९८७ रोजी भारत-श्रीलंका करार झाला आणि आपली शांतिसेना तिथे उतरली. नावात शांती होती, पण ऑक्टोबरमध्ये लिट्टेशी उघड लढाई सुरू झाली. ती कधी घराघरातून, कधी विहिरींच्या आडून, कधी ताडाच्या बनांतून व्हायची. रस्त्याच्या मोऱ्यांखाली स्फोटकं पेरलेली असायची आणि वरून गाडी गेली की उडवली जायची. मामांच्या पुढची गाडी अशीच गेली होती. जाफन्याकडचा तो मुलूख डोळ्यांसमोर आणा: उंच झाडं, दाट सावली, कुंपणं, अंगणातल्या विहिरी, जवळच समुद्र. आणि मग आपलं चौल आठवा. पाहुण्यांना आपली वाडी स्वर्ग वाटते. मामांना ती रोज रात्री दुसरीकडेच नेऊन सोडायची.

शेवटची तुकडी मार्च १९९० मध्ये परतली. तोवर अकराशेहून अधिक जवान गेले होते. मुंबईत जन्मलेले, आठव्या महार बटालियनचे मेजर रामस्वामी परमेश्वरन त्यांतलेच. २५ नोव्हेंबर १९८७च्या चकमकीत ते पडले, त्यांना मरणोत्तर परमवीर चक्र मिळालं. पण त्या लढाईची गाणी झाली नाहीत. शांतिसेना मद्रासला परतली तेव्हा तमिळनाडूचे मुख्यमंत्री करुणानिधी स्वागताला गेले नाहीत. जिंकलो की हरलो, बरोबर केलं की चूक, हेच देशाचं ठरेना. परतलेल्या माणसाला आपल्या माणसांनी कसं घरात घेतलं, यावर मनाचं सावरणं बरंच अवलंबून असतं, असं या विषयातले जाणकार सांगतात.

आता या त्रासाबद्दल. याला पोस्ट ट्रॉमॅटिक स्ट्रेस डिसऑर्डर म्हणतात, थोडक्यात पीटीएसडी. मराठीत आघातोत्तर तणाव विकार. अवघड वाटतं, पण आपल्याला याची तोंडओळख आहे. ३ जून २०२०चं निसर्ग वादळ आठवा. वाड्या आडव्या झाल्या, पत्रे उडाले. त्यानंतर कितीतरी महिने साधा वारा सुटला तरी घरातली माणसं उठून बसत होती, खरं ना? ते एका दिवसाचं वादळ होतं, आणि ते सगळ्यांनी मिळून सोसलं. म्हणून बहुतेकांची ती भीती हळूहळू ओसरली. काहींच्या बाबतीत ती ओसरत नाही. घडलेलं स्वप्नात आणि जागेपणीही परत परत समोर येतं. त्याची आठवण करून देणाऱ्या जागा, माणसं, आवाज टाळले जातात. शरीर चोवीस तास पहाऱ्यावर राहतं. हळूहळू माणूस घरच्यांपासूनही तुटत जातो.

आमच्या कामात सर्व्हरवर अलार्म लावलेले असतात. एखादा उगाच वाजायला लागला तर आम्ही त्याची मर्यादा बदलतो, पाच मिनिटांचं काम. मेंदूतला अलार्म तसा बदलता येत नाही, कारण तो बिघडलेलाच नसतो. मोरीखाली बघण्याच्या सवयीने मामांना दोन वर्षं जिवंत ठेवलं होतं. मेंदूने ती जीव वाचवणारी गोष्ट म्हणून जपून ठेवली. लढाई संपल्याचं त्याला पटत नव्हतं, एवढंच.

हे नव्याने निघालेलं खूळ नाही. पहिल्या महायुद्धात डॉ. चार्ल्स मायर्स यांनी १९१५ साली 'शेल शॉक' या नावाने अशा रुग्णांवर लिहिलं. व्हिएतनामहून परतलेल्या सैनिकांमुळे अमेरिकेत हा प्रश्न ऐरणीवर आला आणि १९८० साली तिथल्या मनोविकारतज्ज्ञांच्या अधिकृत यादीत पीटीएसडीची नोंद झाली. आपल्या नाशिकजवळच्या देवळालीला इंग्रज सैनिक मायदेशी जाणाऱ्या बोटीची वाट बघत महिनोन् महिने पडून असायचे, त्यातल्या काहींचं डोकं फिरायचं. त्यावरून इंग्रजीत वेड लागण्याला 'डूलॅली' हा शब्दच रूढ झाला. आणि त्याही आधीचं आपल्या आजीला ठाऊक होतं. कपाळावरची जखम घेऊन दारोदार तेल मागत फिरणारा अश्वत्थामा आपण लहानपणी ऐकला आहे. युद्ध जिंकूनही राज्य नको, वनात जातो, म्हणणारा युधिष्ठिर शांतिपर्वात आहे. हरलेला आणि जिंकलेला, दोघेही त्यातून सुटले नाहीत.

आपल्या लष्करातही मनाला पहिलं स्थान आहे. जवानाची वैद्यकीय श्रेणी 'शेप' या शब्दावर ठरते. त्यातलं पहिलं अक्षर 'एस' हे मनाचं, मग कान, हातपाय, शरीराची क्षमता, डोळे. पण ही श्रेणी खाली गेली तर बढती जाईल, नेमणूक बदलेल, सोबतचे काय म्हणतील, या भीतीने नोकरीत असताना माणूस सांगत नाही. निवृत्तीनंतर सांगत नाही, कारण तोवर गावाने त्याला शूर ठरवलेलं असतं.

इथे मी सत्काराकडे येते. आपल्या जिल्ह्याला सैनिकांचा अभिमान आहे आणि तो असायलाच हवा. माणगावला नाईक यशवंत घाडगे यांचा पुतळा आहे. १० जुलै १९४४ रोजी इटलीत, सोबतचे सगळे मेले किंवा जखमी झाले असताना, त्यांनी एकट्याने शत्रूचं मशीनगनचं ठाणं घेतलं आणि तिथेच ते पडले. वय बावीस. त्यांना व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. जे परत आले नाहीत, त्यांचा सन्मान कसा करायचा हे आपल्याला येतं. जे परत आले, त्यांनाही आपण तसंच वागवतो: शाल, श्रीफळ, टाळ्या, दोन शब्द. मामांचाही एकदा सत्कार झाला होता. माईकवरून निवेदक म्हणाले, "भीती हा शब्द यांच्या कोशात नाही." मामा नमस्कार करून खाली बसले. त्या रात्री ते झोपले नाहीत. ज्याच्या कोशात भीती नाही असं चारचौघांत जाहीर झालं, त्याने "मला रात्री भीती वाटते" हे कोणाला सांगायचं?

बोलायला वाट मिळाली ती फार उशिरा, २००८ साली, आणि तीही मामीमुळे. रक्तदाब दाखवायला दोघं गेले असताना मामीने डॉक्टरांना सरळ सांगून टाकलं, "हे सोळा वर्षं नीट झोपलेले नाहीत." डॉक्टरांनी मनोविकारतज्ज्ञांकडे चिठ्ठी दिली. गोळ्या सुरू झाल्या. त्यासोबत समुपदेशन होतं, म्हणजे घडलेलं थोडं थोडं, सुरक्षित जागी, पुन्हा पुन्हा सांगायचं आणि टाळलेल्या गोष्टींकडे एकेक पाऊल जायचं. दोन-अडीच वर्षं लागली. पूर्ण बरे झाले असं मी म्हणणार नाही. पण आता ते रात्री पाच-सहा तास झोपतात. नातवाला घेऊन दत्ताच्या डोंगरावर जातात, जत्रेत नाही, एरवी. मोरीपाशी अजून उतरतात, पण वाकत नाहीत.

आज बोलण्याआधी मी त्यांची परवानगी घेतली. म्हणाले, "बोल. पण माझं कौतुक करू नकोस, आणि मामीचं विसरू नकोस."

दोन गैरसमज आधीच दूर करते. लढाईवर गेलेल्या प्रत्येकाला हा त्रास होतो असं नाही, बहुतेक जण नीट सावरतात. आणि ज्यांना होतो ते धोकादायक नसतात. बहुतेक वेळा ते स्वतःच दमलेले असतात.

तर संघाला माझ्या चार सूचना. सत्कार करा, पण आधी त्या माणसाला आणि त्याच्या घरच्यांना विचारा, की हवा आहे का, आणि कसा. सत्काराच्या जागी फटाके आणि गरनाळ नकोत. वाडीत, आळीत मोठे आवाज होणार असतील तर आदल्या दिवशी त्या घरी सांगून या. आवाज येणार हे माहीत असलं की निम्मा त्रास कमी होतो. मुलांना शिकवा, की "तुम्ही किती मारले?" हा प्रश्न विचारायचा नसतो.

चौथी सूचना थोडी कामाची आहे. संघाच्या पाच-सहा जणांनी सोबतीची यादी करावी. टेली-मानस ही सरकारी हेल्पलाइन ऑक्टोबर २०२२ पासून सुरू आहे, नंबर १४४१६. फोन फुकट लागतो, मराठीतही बोलता येतं. सैन्यदलांसाठी तिचा वेगळा कक्ष पुण्याच्या सशस्त्र सेना वैद्यकीय महाविद्यालयात डिसेंबर २०२३ मध्ये सुरू झाला. माजी सैनिकांना ईसीएचएस योजनेतून उपचार मिळतात, आणि जिल्हा सैनिक कल्याण कार्यालय आहेच. सोयी आहेत. पण चौलहून अलिबागला, तिथून पुढे मुंबई-पुण्याला, एका भिडस्त माणसाने एकट्याने जायचं हे अवघड असतं. फॉर्म भरून देणं, गाडीत शेजारी बसणं, बाहेर बाकावर दोन तास थांबणं, हे आपण करू शकतो. शालीपेक्षा याचा उपयोग जास्त आहे.

आपल्या शाळेत इतिहासाच्या तासाला १५०८ सालची चौलची लढाई शिकवली होती. कोणाचं आरमार, कोण जिंकलं, कोण पडलं, हे आपण पाठ केलं. त्या लढाईतून घरी गेलेल्या माणसांचं पुढे काय झालं, हा प्रश्न परीक्षेत आला नाही. आज तो आपल्या आळीत आहे आणि त्याचं उत्तर आपल्याला देता येण्यासारखं आहे.

मामीने मला शेवटी एकच निरोप दिला होता, तो पोचवते आणि थांबते. "घरातल्या बाईला आधी विचारा म्हणावं. तिला सगळं माहीत असतं, फक्त तिला कोणी विचारत नाही."

सोबतीच्या यादीत पहिलं नाव माझं लिहा.